दोन पिवळे खांब

माझ्या थोरल्या दिरांना कारखान्यात सगळे 'खडू' म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे, तोंडावर 'दादा'. त्यांच्या खिशात कायम पांढरा खडू असतो म्हणून खडू, आणि त्या खडूनं खात्यातल्या प्रत्येकाला कधी ना कधी रडकुंडीला आणलंय म्हणूनही. मी त्यांना भाऊजी म्हणते.

आम्ही गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या बनवतो. आम्ही कसल्या, प्रेस बनवते हो. आपण नुसते तिच्या तोंडात घास भरवायचे. पोलादाची पट्टी आत ठेवायची, प्रेस धाडकन खाली येते, बिजागरीचं एक पान तयार. नवरा प्रेसवर, मी त्याच्या पुढच्या तपासणीच्या टेबलावर, आणि भाऊजी आमच्या दोघांच्या डोक्यावर, खात्याचे सुपरवायझर. शेजारणी म्हणायच्या, सगळं घर एका छपराखाली, काय नशीब काढलंस! मी म्हणायचे, या, आठवडाभर अदलाबदल करू, मग सांगा.

भाऊजींना तरुणपणी कंपनीनं शिकायला जपानला धाडलं होतं. गेले तेव्हा चारचौघांसारखे होते, वेळेला शिवी हासडणारे, असं नवरा सांगतो. आले ते कमरेत वाकत आले. सकाळी काम सुरू करण्याआधी प्रेससमोर उभं राहून वाकायचे. 'यंत्राला मान दिला की ते आपल्याला जपतं,' म्हणायचे. लोक आधी फिदीफिदी हसले. मग हळूहळू खराब माल कमी झाला, प्रेस सारख्या बंद पडायच्या त्या थांबल्या, आणि हसणारेच रांगेत उभे राहून वाकायला लागले. मीही वाकायचे. कंबर दुखायची ती वेगळी.

तिथल्या म्हाताऱ्या कारागिरांनी शिकवलेलं ते उठताबसता आम्हाला ऐकवायचे. पुढच्या टेबलावरचा माणूस म्हणजे आपलं गिऱ्हाईक, त्याच्या हातात खराब वस्तू द्यायची नाही. आता नवऱ्याचं गिऱ्हाईक मी! वाकडं पान आलं की मी टेबलावरून ओरडायचे, "ओ दुकानदार, माल परत घ्या!" आणि तो तिथून हात जोडायचा. दुसरं म्हणजे, चूक माणसाची नसते, पद्धतीची असते. माणसाकडे बोट दाखवायचं नाही, पद्धत कुठं चुकली ते शोधायचं. हे मला फार आवडायचं. जन्मभर बोट माझ्याकडेच दाखवलं गेलेलं, त्यामुळे असेल.

आणि मग ते वर्तुळ. कुठं काही बिनसलं की भाऊजी मशीनसमोर फरशीवर खडूनं गोल काढायचे, माणसाला त्यात उभं करायचे आणि म्हणायचे, "बघ." काय बघायचं ते सांगणार नाहीत. दिसेपर्यंत बाहेर पाऊल टाकायचं नाही. नवीन आले तेव्हा मलाही उभं केलं होतं. पाय भरून आले, डोक्यात मुंग्या आल्या. भाऊजी येऊन विचारतात, "दिसलं?" मी म्हटलं, "दिसलं. तुमच्या बुटाची नाडी सुटलीय." शेजारच्या प्रेसवरचा एक जण खो खो हसला. तोच पुढं माझा नवरा झाला, म्हणून मी अजून त्याला अरे-तुरेच करते. पण खोटं कशाला बोलू, दुपारनंतर मला खरंच दिसलं. पट्ट्यांचा ट्रे इतका खाली होता की प्रेसवरचा माणूस एकेका पट्टीसाठी वाकत होता. दुसऱ्या दिवशी ट्रे वर घेतला. मी सांगितलं आणि कारखान्यानं ऐकलं! त्या दिवशी मी घरी उड्या मारतच गेले होते.

नवऱ्याचं तर विचारूच नका. सासूसासरे लवकर गेले, तेव्हा हा शाळेतही जात नव्हता. भाऊजींनी त्याला अंघोळ घातली, भरवलं, नखं कापली, अभ्यासाला बसवलं, हाताला धरून कारखान्यात आणलं. दादानं सांगितलं सूर्य पश्चिमेला उगवतो, तर हा उशी फिरवून झोपणारा माणूस.

आता खांबांचं सांगते, कारण सगळं त्यांच्यावरच आहे. प्रेसच्या तोंडासमोर, डावीउजवीकडे, दोन पिवळे खांब असतात. एका खांबातून दुसऱ्यात उजेड जातो, डोळ्यांना न दिसणारा. मध्ये हात आला की उजेड तुटतो आणि प्रेस जिथल्या तिथं थांबते. आम्ही त्याला पडदा म्हणतो. हे खांब प्रेसपासून बऱ्यापैकी लांब होते, त्यामुळे पट्टी ठेवायला प्रत्येक वेळी एक पाऊल पुढं, मग एक पाऊल मागं. दिवसभर हाच नाच. गेल्या वर्षी भाऊजी स्वतःच वर्तुळात उभे राहिले आणि त्यांनी ते पाऊल पकडलं. खांब वीतभर आत घेतले, ट्रे पुढं सरकवला, पाऊल वाचलं. साहेब खूश. वर्षातली उत्तम सुधारणा म्हणून भाऊजींचा फोटो जेवणघरात लागला, जपानहून आलेल्या म्हाताऱ्या गुरुजींबरोबर, दोघंही एकमेकांसमोर वाकलेले. नवऱ्यानं त्या दिवशी सगळ्या खात्याला स्वतःच्या खिशातून चहा पाजला. घरी येऊन म्हणाला, "संध्याकाळी पाय दुखत नाहीत गं आता. दादानं माझे पाय वाचवले." हो, पाय वाचले.

मग तो दिवस आला. मी टेबलावर पानं तपासत होते. एक पान आलं, दुसरं आलं, मग येईचना. मी मान वर न करताच ओरडले, "काय हो दुकानदार, झोपलात का?" आणि वर बघितलं तर तो प्रेससमोर वाकलेला. सकाळी वाकतो तसाच, अगदी कमरेतून. मला वाटलं, काही पडलंय, ते उचलतोय. मग त्यानं वळून माझ्याकडं बघितलं, आणि त्याचा चेहरा पांढराफटक होता. पुढचं मला सांगता येत नाही. उजव्या हाताची चारही बोटं गेली. अंगठा राहिला.

दवाखान्यात शुद्धीवर आला तेव्हा भाऊजी उशाशी होते, मी पायाशी. पहिले शब्द काय निघावेत? "दादा, माफ कर. माझ्यामुळे लाईन थांबली." भाऊजी रडले. मी नाही रडले, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. अरे, लाईन गेली खड्ड्यात!

चौकशी प्रेसजवळच झाली. जपानी पद्धत अशी की पाच वेळा 'का' विचारायचं, म्हणजे मुळाशी जाता येतं. साहेब, भाऊजी आणि आणखी दोघे उभे होते आणि मी माझ्या टेबलावर, सगळं ऐकू येत होतं. इजा का झाली? हात आत होता. हात आत का गेला? पट्टी अडकली होती, ती सोडवायला. पट्टी का अडकली? तेल कमी पडलं. तेल का कमी पडलं? चालवणाऱ्यानं वेळेवर दिलं नाही. का दिलं नाही? साहेबांनी जरा थांबून, हळू आवाजात म्हटलं, "लक्ष नव्हतं." झालं! पाच का संपले. सुंठीवाचून खोकला गेला.

मी हातातलं पान टेबलावर आदळलं आणि तिथं गेले. "साहेब, एक 'का' राहिला. हात आत गेला तर प्रेस थांबली का नाही? पडदा काय शोभेला लावलाय?"

साहेब शांतपणे म्हणाले, "बाई, पडदा आम्ही तपासलाय. हात घातला की प्रेस थांबते. तुम्हाला दुःख झालंय, समजू शकतो."

"चूक माणसाची नसते ना? पद्धतीची असते ना? आम्हाला वर्षानुवर्षं तेच शिकवलंत ना?" हे मी साहेबांना नव्हतं विचारलं. भाऊजी फरशीकडं बघत उभे होते.

साहेब वाईट माणूस नाही, एवढं सांगते. नवऱ्याला काढणार नव्हते. गेटवर हलकं काम देणार होते. फक्त एक करायचं होतं. तो कामावर परतेल त्या सोमवारी सकाळच्या बैठकीत, वाकून झाल्यावर, नवऱ्यानं सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडानं सांगायचं की माझं लक्ष नव्हतं, माझी चूक झाली, तुम्ही यावरून शिका. कागदावर सही करायची. "सहीला त्रास होत असेल तर अंगठा चालेल," साहेब म्हणाले, आणि आपण काय बोललो ते कळून गोरेमोरे झाले.

नवरा एका पायावर तयार! उलट त्याला बरंच वाटलं. घरी आल्यापासून त्याची झोप उडाली होती. आपण नेमकं कुठं चुकलो ते त्याला सापडत नव्हतं, तेच त्याला खात होतं. एक दिवस मी कामावरून आले तर स्वयंपाकघरात, ओटा आणि खाट यांच्यामधल्या जागेत, फरशीवर खडूनं वर्तुळ काढलेलं. डाव्या हातानं काढलेलं, बटाट्यासारखं. आत हा उभा. बँडेज बांधलेला हात पुढं करायचा, मागं घ्यायचा. पट्टी उचलायची, ठेवायची, पुढं, मागं. प्रेस नाही, पट्टी नाही, काही नाही.

"अरे, हे काय चाललंय?"

"बघतोय," म्हणाला. "तेल दिलेलं मला आठवतंय गं. पण दिलं असतं तर अडकली कशी असती? काहीतरी मी केलंय. दिसत नाहीये." मग खाली बघून म्हणाला, "वर्तुळ वाकडं आलंय, माफ कर."

लोकांच्या नवऱ्यांना बाटलीचं व्यसन लागतं, ते परवडलं. बाटली फोडता तरी येते. मी फडकं घेऊन वर्तुळ पुसायचे, दुसऱ्या दिवशी ते परत असायचं. मला आता भरपाई नको होती, गेटवरचं काम नको होतं. एकच हवं होतं. याला कुणीतरी सांगावं की बाबा, तुझा हात बरोबर होता. आणि तेही कुणीही सांगून चालणार नव्हतं. मी सांगून सांगून थकले. पालथ्या घड्यावर पाणी. हा ऐकणार फक्त दादाचं.

भाऊजी सुट्टीच्या दिवशी घरी यायचे, ते खिशात नेलकटर घेऊन. डाव्या हाताची नखं कापायला उजवा हात लागतो, हे असं काही झाल्याशिवाय लक्षात येत नाही. मी कापायला गेले होते तर नवरा लाजला. दादासमोर मात्र लहान मुलासारखा हात पुढं करून बसायचा. भाऊजी एकेक नख कापून कागदावर गोळा करायचे, कुठं टोचतंय का म्हणून अंगठा फिरवून बघायचे. खोटं नाही सांगत, ते बघताना माझा अर्धा राग तिथंच विरघळायचा. उरलेला अर्धाच पुरेसा होता.

सोमवार जवळ आला तशी मी भाऊजींना कारखान्यात गाठलं. "खडू आहे ना खिशात? मग काढा वर्तुळ. सगळ्यांना उभं केलंत, आता सख्ख्या भावासाठी उभे राहा. दिसेपर्यंत बाहेर येऊ नका."

मला वाटलं, ओरडतील. नाही ओरडले. प्रेसवर बदली माणूस होता. त्याच्या मागं त्यांनी गोल काढला, एका फेऱ्यात, परकारानं काढावा तसा, आणि आत उभे राहिले. पाणी पिऊन आले नाहीत, जेवायला गेले नाहीत. मी पानं तपासता तपासता बघत होते. दुपारी कधीतरी त्यांचे खांदे खाली गेले. तेव्हाच मला कळलं की यांना दिसलं. तरी ते संध्याकाळपर्यंत तिथंच उभे राहिले.

मी घरी पोचले, नवऱ्याला सांगितलं आणि पाठोपाठ तेही आले. नवरा वर्तुळात होता. दादाला बघून त्याचा चेहरा उजळला. "दादा, ही म्हणाली तू उभा राहिला होतास. माझ्यासाठी? दिसलं काही?"

मी ओट्याला धरून उभी होते. भाऊजींनी भावाकडं बघितलं, फरशीवरच्या वाकड्या गोलाकडं बघितलं.

"नाही," म्हणाले. "पद्धत बरोबर होती."

नवऱ्यानं मान डोलावली. "वाटलंच मला. म्हणजे माझंच. तू उगाच दिवसभर उभा राहिलास, पाय दुखत असतील. चहा घेतोस?" आणि वर त्याला वाकून 'थँक्यू दादा' म्हणाला.

चहा न घेताच भाऊजी निघाले. मी जिन्यात त्यांना अडवलं. "दिसलं ना तुम्हाला? मी पाहिलंय, तुमचे खांदे पडले तेव्हा."

ते पायरीवरच बसले. कठड्याला धरून, म्हाताऱ्यासारखे. "प्रेसचा ब्रेक झिजलाय," म्हणाले. "पडदा तुटल्यावर थांबायला ती पूर्वीपेक्षा जरा जास्त वेळ घेते. डोळ्यांना कळणार नाही एवढा. खांब जुन्या जागी असते तर हात पोचायच्या आत थांबली असती. साहेब हळू हात घालून बघतात, तेव्हा थांबते. अडकलेली पट्टी सोडवायला माणूस झटकन घालतो."

"मग चला वर. हेच सांगा त्याला."

"धाकटे," ते म्हणाले. मला ते लग्नापासून तसंच हाक मारतात. "माझं आयुष्य गेलं दुसऱ्यांचं शिकवण्यात. वाकणं त्यांचं, वर्तुळ त्यांचं, पाच का त्यांचे. माझ्या स्वतःच्या डोक्यातून निघालेली गोष्ट एकच. ते खांब." मग म्हणाले, "आणि सांगून त्याची बोटं परत येणार आहेत का?"

"बोटं नाही येणार. झोप येईल."

ते उठले आणि एकेक पायरी उतरत गेले. मी वर आले आणि नवऱ्याला सगळं जसंच्या तसं सांगितलं, ब्रेक, खांब, वीतभर जागा, सगळं. लग्नाला इतकी वर्षं झाली, हा माझ्यावर कधी आवाज चढवून बोललेला नाही. त्या दिवशी ओरडला. "माझा दादा खोटं बोलेल? तुझी जीभ झडत कशी नाही? तुला कुणीतरी दोषी हवाय, म्हणून तू माझ्या दादावर…" तो खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडला, आणि मी वर्तुळ पुसायलाही उठले नाही.

शनिवारी प्रेस बंद होती. दुरुस्तीला घेतलीय म्हणाले. भाऊजी आणि दुरुस्तीवाला एक जण, एवढेच आत होते. संध्याकाळी मी मुद्दाम तिकडून गेले. दोन्ही खांब जुन्या जागी होते. वीतभर बाहेर. फरशीतली आतली भोकं बुजवून वर पिवळा रंग फासला होता, तो अजून ओला होता. माझ्या बोटाला लागला. मशीनची चूक सुधारली होती. गुपचूप. माणूस मात्र सोमवारी माफी मागणार होता. खात्यात ज्यांना दिसायचं त्यांना दिसलं असणार, पण अळीमिळी गुपचिळी. कोण कशाला तोंड उघडतोय?

मी घरी काही बोलले नाही. बोलून उपयोग काय झाला होता? सोमवारी सकाळी नवऱ्याला शर्टाची बटणं लावून दिली, केस विंचरले. तो वाटेत पुटपुटत होता, "माझं लक्ष नव्हतं. माझी चूक झाली." पाठ करत होता, शाळेतल्या मुलासारखा.

सगळं खातं प्रेससमोर रांगेत उभं होतं. सगळे वाकले. नवराही वाकला, त्याच प्रेससमोर. साहेबांनी त्याला पुढं बोलावलं. तेव्हा मी रांगेतूनच म्हटलं, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "माफी मागायच्या आधी एकदा वर्तुळात उभा राहा की! घरी इतके दिवस उभा राहिलास, घरी काय प्रेस आहे? इथं बघ एकदा. मग माग माफी."

साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण नवऱ्याला ते पटलं. त्याला तर तेच हवं होतं, नेमकी चूक दिसली तर बोलताना नीट सांगता येईल. तो भाऊजींकडं वळला. "दादा, काढतोस? माझं वाकडं येतं."

भाऊजींचा हात खिशात गेला तो बराच वेळ बाहेर येईना. मग ते खाली बसले. पहिल्यांदाच त्यांचं वर्तुळ थरथरलेलं मी पाहिलं. नवरा आत उभा राहिला. ट्रेकडं बघितलं. डाव्या हातानं पट्टी उचलल्यासारखं केलं, आणि उजवा हात, जो काही राहिलाय तो, सवयीनं पुढं केला. अर्ध्यावरच थांबला.

परत हात मागं घेतला, परत पुढं केला. परत थांबला. त्या हातानं वर्षभर रोज ती जागा मोजली होती. बोटं गेली, पण कोपराला ती जागा पाठ होती.

"दादा," म्हणाला, "खांब बाहेर आलेत."

साहेबांनी भाऊजींकडं बघितलं, म्हणजे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

नवरा खाली वाकला. रंगाच्या पट्ट्यावरून डावा हात फिरवला, बुजवलेली भोकं चाचपली. भाऊजींनीच शिकवलेलं ना सगळं, बघायचं कसं ते. तो उभा राहिला तेव्हा त्याचा चेहरा मला ओळखू येईना.

"कधी दिसलं तुला?"

भाऊजींनी हातातला खडू खिशात टाकला.

"त्या दिवशी?" नवऱ्यानं विचारलं. "घरी आलास, मी चहा घेतोस का म्हटलं, त्या दिवशी?"

"हो," भाऊजी म्हणाले.

मला वाटलं, आता हा ओरडेल. मी तर वाट बघत होते. ओरड रे, एकदा ओरड! तो वर्तुळातून बाहेर आला, रेघेवर पाय पडू नये म्हणून जपून, आणि बाजूला सरकून भाऊजींना म्हणाला, "ये. उभा राहा."

भाऊजी, ज्यांनी सगळ्या खात्याला उभं केलं होतं, ते मुकाट्यानं आत जाऊन उभे राहिले.

"बघ," नवरा म्हणाला. आणि माझ्या दंडाला धरून मला घेऊन निघाला. माफी मागितली नाही, कागदावर काही केलं नाही. गेटबाहेर येईपर्यंत त्याचा हात माझ्या दंडावर इतका घट्ट होता की वळ उठले.

घरी येऊन तो आडवा पडला आणि झोपला. भर दिवसा, बूटसुद्धा न काढता, घोरत. इतक्या दिवसांची झोप होती ती. मी फरशी पुसली, वर्तुळाची शेवटची रेघ गेली, आणि मग मी ओट्याशी बसून पोटभर रडले. मला हवं होतं ते मिळालं होतं.

शिफ्ट सुटेपर्यंत भाऊजी तिथंच उभे होते, असं नंतर कळलं. साहेबांनी दोनदा सांगितलं, पुरे झालं आता, पण ते हलले नाहीत. मग चौकशी परत झाली, आणि यावेळी कागदावर 'निष्काळजीपणा' हा शब्द आला नाही. जेवणघरातला फोटो उतरवला. भाऊजी कामावर येतात. पण त्यांच्या खिशात खडू नसतो आणि कुणी काही विचारलं तर ते साहेबांकडं बोट दाखवतात.

नवरा आता झोपतो, जेवतो, गेटवर बसतो. येणाऱ्याजाणाऱ्याशी हसून बोलतो. भाऊजी घरी येत नाहीत आणि हा दादाचं नाव काढत नाही. मीही काढत नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलून कुणाला सांगायचं? भाऊजी सकाळी गेटमधून आत येतात तेव्हा हा नोंदीच्या वहीत डोकं घालून बसतो आणि ते निघून गेले की वर बघतो.

परवा सुट्टी होती. जेवताना माझं त्याच्या डाव्या हाताकडं लक्ष गेलं. नखं इतकी वाढली होती की आत मळ धरला होता. मी बाजारातून नवं नेलकटर आणलं होतंच. ते घेऊन त्याच्यासमोर बसले, कागद पसरला, म्हटलं, "दे इकडं हात. आता माझ्याशी काय लाजायचं?"

त्यानं हात पुढं केला, आणि मागं घेतला.

"राहू दे," म्हणाला. "दादा आला की कापेल."